मिशनरी परिचारिकेची पूर्वतयारी

दूरच्या देशीं जाऊन तेथील रोग्यांची सेवा करावी अशी इच्छा एखाद्या तरुण मुलीनें बोलून दाखविली, म्हणजे तिच्या भोंवतालचीं माणसें साधारणपणें दोन प्रकारें बोलतात. कांहीं तिच्या त्यागाची स्तुति करतात. कांहीं तिला वेडी ठरवितात. परंतु एका बाबतींत ह्या दोन्ही पक्षांचें एकमत असतें. जाण्याचा निश्चय झाला कीं मुख्य काम झालें, पुढचें सारें ओघानें येईल, असें दोघेहि धरून चालतात. प्रत्यक्षांत तसें घडत नाहीं. तापानें फणफणलेल्या रोग्याला आपल्या उशाशीं बसलेल्या बाईनें किती त्याग केला आहे हें दिसत नाहीं. तिचा हात हलका आहे कीं जड, हें मात्र त्याला तत्काळ कळतें.

मिशनरी परिचारिका महाराष्ट्राला अपरिचित नाहीं. मिरज येथें विल्यम वॉन्लेस यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उघडलें. कोंकणांत वेंगुर्ल्यासहि मिशनचें रुग्णालय झालें. दक्षिण महाराष्ट्रांतील अनेक कुटुंबांत वडील माणसें परदेशी 'सिस्टर'च्या आठवणी सांगत आलीं आहेत. परंतु ती बाई येथें येण्यापूर्वीं कोठें होती, काय शिकली, आणि तें शिकावयास तिला किती काळ लागला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. त्या प्रश्नाचें उत्तर हवें असेल तर एका अशा बाईचें चरित्र पाहावें, कीं जिनें ह्या सेवेसाठीं घर सोडलें तेव्हां तिच्या वयाला चव्वेचाळीस वर्षें झालीं होतीं, आणि जी परदेशांत पुरतीं पांच वर्षेंहि राहिली नाहीं. त्या बाईंचें नांव लिंडा रिचर्ड्‌स. तयारी किती आणि सेवा किती, असा साधा हिशेब मांडला तर हा व्यवहार आंतबट्ट्याचा वाटेल. तो तसा होता काय, हें पाहणें हाच ह्या भाषणाचा हेतु आहे.

रिचर्ड्‌सबाईंचा जन्म २७ जुलै १८४१ रोजीं अमेरिकेंत न्यू यॉर्क राज्यांतील पॉट्सडॅम गांवाजवळ झाला. वडील धर्मोपदेशक होते. त्यांनीं मुलीचें नांव मेलिंडा अ‍ॅन जडसन असें ठेविलें. अमेरिकेंतून परदेशीं गेलेल्या अगदीं पहिल्या मिशनरी स्त्रियांपैकीं अ‍ॅन जडसन ही एक. १८१२ सालीं ती पतीसह कलकत्त्यास उतरली व पुढें ब्रह्मदेशांत गेली. तिला ज्या 'अमेरिकन बोर्ड' नांवाच्या संस्थेनें पाठविलें, त्याच संस्थेचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस येऊन पोंचले आणि त्यांतून अमेरिकन मराठी मिशन उभें राहिलें. १८४२ सालीं निघालेलें 'ज्ञानोदय' पत्र ह्याच मिशनचें. अ‍ॅन जडसन १८२६ सालीं, अवघ्या छत्तीस वर्षांची असतांना, ब्रह्मदेशांतच मरण पावली. आपल्या मुलीनें तिच्या वाटेनें जावें, ही इच्छा बापानें नांवाच्या रूपानें मुलीच्या पदरीं बांधली.

परंतु नांव ठेवल्यानें कोणी परिचारिका होत नाहीं. लिंडा लहान असतांनाच वडील क्षयानें गेले. पुढें आईलाहि तोच रोग जडला, आणि १८५४ सालीं ती वारली तेव्हां तिची शुश्रूषा करणारी मुलगी बारा-तेरा वर्षांचीच होती. नंतर ज्याच्याशीं विवाह ठरला होता तो जॉर्ज पूल हा तरुण अमेरिकेच्या यादवी युद्धांत जखमी होऊन परतला. १८६९ सालीं त्याचा अंत होईपर्यंत त्याचीहि सेवा लिंडानेंच केली. वयाच्या तिशीपूर्वीं तिनें प्रेमाचीं माणसें अशीं अंथरुणावरून उचललेलीं पाहिलीं. त्या काळीं खेड्यापाड्यांत अशा मुलीला 'जन्मजात नर्स' म्हणत आणि शेजारच्या घरांत कोणी आजारी पडलें कीं तिला बोलावणें येई. तिला मात्र आपल्या मायेची मर्यादा कळून चुकली होती. रात्रभर उशाशीं जागणें तिला येत होतें; परंतु जागून काय पाहावें, कोणतें चिन्ह धोक्याचें आणि कोणतें साधें, हें सांगणारें कोणी नव्हतें.

बोस्टनमध्यें येऊन तिनें एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत साहाय्यक परिचारिकेचें काम धरलें. तेथें तिला जें दिसलें तें त्या काळच्या बहुतेक रुग्णालयांत दिसण्यासारखेंच होतें. रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या बायांना कसलेंहि शिक्षण नव्हतें; त्यांची गणना मोलकरणींत होई आणि त्यांचें कामहि त्याच पद्धतीनें चाले. थोड्याच महिन्यांनीं लिंडानें तें काम सोडलें. शिकविणारें कोणी भेटेल तेथें जावयाचें, असें तिनें ठरविलें.

ती संधि १८७२ सालीं आली. बोस्टन येथें मारी झाक्रशेव्स्का ह्या स्त्री-डॉक्टरनें १८६२ सालीं स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं 'न्यू इंग्लंड' रुग्णालय स्थापिलें होतें. झुरिक येथें वैद्यक शिकून आलेल्या डॉ. सुझन डिमॉक यांनीं तेथें परिचारिकांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरूं केला. पहिलें नांव लिंडा रिचर्ड्‌स यांचें दाखल झालें, आणि १८७३ सालीं पहिलें प्रमाणपत्रहि त्यांनाच मिळालें. म्हणूनच त्यांना अमेरिकेंतील पहिली शिक्षित परिचारिका म्हणतात. आजच्या विद्यार्थिनीला त्या वर्षाची कल्पना येणें कठीण आहे. दिवस पहांटे साडेपांचाला सुरू होई आणि रात्रीं नवाला संपे. विद्यार्थिनींच्या खोल्या रोग्यांच्या दालनांना लागून असत; त्यामुळें रात्रींहि हांक आली कीं उठावें लागे. दोन आठवड्यांतून एकदां दुपारचे दोन-तीन तास काय ती सुट्टी. पाठ्यपुस्तकें नव्हतीं, परीक्षा नव्हती. सबंध वर्षांत डॉक्टरांचीं बारा व्याख्यानें. औषधांच्या बाटल्यांवर नांवें न लिहितां केवळ आंकडे घातलेले असत, कारण आपण कोणतें औषध देत आहों हें परिचारिकेला कळूं नये असा हेतु होता.

ह्या शेवटच्या गोष्टीकडे अंमळ लक्ष द्यावें. जिला बाटलींत काय आहे हें माहीत नाहीं, ती परिचारिका डॉक्टर शेजारीं उभे असेपर्यंतच उपयोगाची. डॉक्टर शंभर मैलांवर असले, किंवा मुळींच नसले, तर ती निरुपायी होते. आणि मिशनरी परिचारिकेला जेथें जावयाचें असतें तीं ठिकाणें बहुधा अशींच असतात. घरच्या रुग्णालयांत जें अज्ञान खपून जातें तें परदेशांत रोग्याच्या जिवावर बेततें. दूर जाणारीचें शिक्षण घरीं राहणारीपेक्षां अधिक खोल असावें लागतें, तें ह्यासाठीं.

प्रमाणपत्र हातीं आल्यावर रिचर्ड्‌सबाई न्यू यॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयांत रात्रपाळीच्या पर्यवेक्षिका झाल्या. तेथें त्यांनीं एक पद्धत पाडली. ती आज इतकी रुळली आहे कीं तिचा कोणी शोध लावला असेल हें मनांतहि येत नाहीं. रात्रीं रोग्यांचें काय झालें, ताप किती चढला, नाडी कशी होती, कोणतें औषध केव्हां दिलें, हें त्या प्रत्येक रोग्यासाठीं लिहून ठेवूं लागल्या. तोंवर हा सारा मजकूर परिचारिकेच्या स्मरणांतून डॉक्टरांच्या कानीं तोंडीं जाई; वाटेंत जें गळे तें गळे. लेखी नोंद आली आणि रात्रीचा रोगी सकाळच्या डॉक्टरांना प्रथमच नीट दिसूं लागला. परक्या मुलखांत नोंदीचें मोल आणखी वाढतें. तेथें परिचारिका बदलते, डॉक्टर रजेवर जातो, भाषा अपुरी पडते. अशा वेळीं कागदावरच्या चार ओळी हाच रोग्याचा एकमेव विश्वासू साक्षीदार असतो.

१८७४ मध्यें त्यांनीं बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयांतील परिचारिकांच्या शाळेचीं सूत्रें हातीं घेतलीं. ही शाळा त्या वेळीं डळमळत होती. शिकलेल्या परिचारिकेची गरजच काय, असा तेथील कित्येक डॉक्टरांचा प्रश्न होता. वादविवादांत न शिरतां रिचर्ड्‌सबाईंनीं काम दाखविलें आणि शाळा टिकली. तरीहि आपलें शिक्षण पुरें झालें असें त्यांना वाटलें नाहीं. १८७७ सालीं, स्वतः शाळेची प्रमुख असलेली ही बाई पुन्हां विद्यार्थिनी होऊन इंग्लंडला गेली. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत १८६० पासून फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नांवानें चाललेली शाळा त्यांनीं पाहिली, खुद्द नाइटिंगेलबाईंची भेट घेतली, लंडनचें किंग्ज कॉलेज रुग्णालय आणि एडिंबरोचें रॉयल इन्फर्मरी हींहि अभ्यासिलीं. जंतुघ्न शस्त्रक्रियेचे प्रवर्तक जोसेफ लिस्टर त्याच सालीं एडिंबरो सोडून किंग्ज कॉलेजांत आले. जखम स्वच्छ राखणें हें शस्त्रक्रियेचें अर्धें यश होय, हा विचार तेव्हां रुग्णालयांतून घर करीत होता. स्वदेशीं परतल्यावर १८७८ मध्यें रिचर्ड्‌सबाईंनीं बोस्टन सिटी रुग्णालयांत परिचारिकांची शाळा उभारली.

इतकें सारें होईपर्यंत वडिलांनीं दिलेल्या नांवांतील संकल्पाचें काय झालें होतें? तो मागें पडला, असें कोणालाहि वाटलें असतें. १८८५ मध्यें मात्र तो पुरा होण्याची वेळ आली. डॉ. जॉन बेरी हे अमेरिकन बोर्डाचे डॉक्टर १८७२ पासून जपानांत होते. क्योटो शहरांत डोशिशा नांवाची ख्रिस्ती शिक्षणसंस्था होती. देशाबाहेर जाणें हा जपानांत गुन्हा असतांना, १८६४ सालीं, जोसेफ नीशिमा हा तरुण चोरून जहाजावर चढून अमेरिकेस गेला होता. तेथें शिकून तो परतला आणि १८७५ सालीं त्यानें ही संस्था काढली. ह्या संस्थेला जोडून रुग्णालय व परिचारिकांची शाळा असावी अशी योजना होती. त्या शाळेसाठीं अमेरिकन बोर्डानें रिचर्ड्‌सबाईंना पाठविलें, आणि १८८६ च्या जानेवारींत त्या जपानांत पोंचल्या. तेरा वर्षांचा अनुभव आणि तीन-चार शाळा उभारण्याची वा सांवरण्याची हातोटी त्यांच्यापाशीं होती. केवळ उत्साहाच्या बळावर विसाव्या वर्षीं त्या निघाल्या असत्या तर ह्यांतलें कांहींच त्यांच्या सामानांत नसतें.

तरीहि जपानच्या भूमीवर पाऊल ठेवतांच ह्या अनुभवी बाई एका अर्थीं मुक्या झाल्या. जपानांत आलेल्या प्रत्येक मिशनऱ्याप्रमाणें त्यांना प्रथम भाषेपुढें बसावें लागलें. व्यापाऱ्याचें काम दुभाष्यावर चालतें. परिचारिकेचें चालत नाहीं. कोठें दुखतें, कसें दुखतें, रात्रीं झोंप लागली का, हें विचारण्यासाठीं मध्यें तिसरा मनुष्य उभा केला, तर जें सांगण्यास रोगी लाजतो तें तो कधींच सांगणार नाहीं. शिवाय जपानी भाषेंत क्रियापदाचें रूपच समोरच्याच्या मानाप्रमाणें बदलतें. आपल्या भाषेंतहि तूं, तुम्ही आणि आपण यांच्यांतील अंतर चुकलें तर वयोवृद्ध रोगी दुखावतो. जपानींत हें अंतर त्याहून पुष्कळ सूक्ष्म आहे. व्याकरणाचें पुस्तक पाठ करून तें साधत नाहीं. घराघरांतील बोलणें कान देऊन ऐकावें लागतें. आणि घरेंहि निराळीं. जपानी घरांत रोग्याची गादी चटईवर, जमिनीलगत घातलेली. उंच लोखंडी खाटेशेजारीं उभें राहून शिकलेलें कसब तेथें गुडघे टेंकून पुन्हां शिकावें लागतें. जाण्यापूर्वींची तयारी कितीहि कसून केलेली असो, तिचा एक भाग पोंचल्यावरच सुरूं होतो, तो असा.

क्योटोंतील शाळेंत जपानी मुलींचें शिक्षण १८८६ मध्यें सुरूं झालें आणि १८८८ मध्यें पहिली तुकडी शिकून बाहेर पडली. ही जपानांतील अगदीं पहिली शाळा, असें पुष्कळदां लिहिलें जातें. तें तितकेंसें बरोबर नाहीं. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत वैद्यक शिकून गेलेले ताकागी कानेहिरो यांनीं १८८५ मध्येंच तोक्योंत अशी शाळा उघडली होती, आणि तेथेंहि एक अमेरिकन मिशनरी परिचारिका शिकवीत असे. पहिला मान कोणाचा हा प्रश्न गौण आहे. दोन्ही शाळांनीं एकच गोष्ट ओळखली होती: परदेशांतून आलेली एक बाई हजार रोग्यांना पुरी पडणार नाहीं, तिनें त्याच देशांतल्या मुली तयार केल्या तर तिचें काम तिच्यामागें चालत राहील.

येथें आपल्याकडील अनुभव आठवतो. जेथें जेथें परिचर्येचा व्यवसाय नवा होता, तेथें तेथें घरंदाज मुलीनें परक्या रोग्याला हात लावावा काय, हा प्रश्न उभा राहिला. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं १९०९ सालीं पुण्यास सुरूं झालेल्या सेवासदनानें ससून रुग्णालयांत हिंदु मुलींना व विधवांना परिचारिकेचें शिक्षण देण्याची व्यवस्था केली, तेव्हां त्या संस्थेलाहि ह्या प्रश्नाशीं झगडावें लागलें. ज्या समाजांत जावयाचें तेथें परिचारिकेकडे कोणत्या दृष्टीनें पाहतात, हें समजून घेणें हाहि तयारीचाच भाग आहे. नाहीं तर शाळा उघडते आणि तींत मुली येत नाहींत.

आतां सर्वांत नाजूक प्रश्नाकडे वळावें लागतें. मिशनरी परिचारिका कशासाठीं जाते? शुश्रूषेसाठीं कीं धर्मप्रसारासाठीं? ह्या प्रश्नाला बगल देऊन तिच्या तयारीविषयीं बोलणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १९३१ सालीं 'यंग इंडिया' पत्रांत गांधीजींनीं आपला आक्षेप स्पष्ट शब्दांत मांडला. दवाखाने, शाळा अशा सेवेचा उपयोग जर धर्मांतर घडविण्यासाठीं होणार असेल, तर त्यांना ती सेवा नको होती. ह्या आक्षेपांत एक सत्य आहे, आणि तें प्रत्येक परिचारिकेला मिशनमध्यें नसतांनाहि जाणवतें. अंथरुणावर पडलेला मनुष्य दुबळा असतो. त्याला पाणी हवें असतें, आधार हवा असतो, आणि तो देणाऱ्याचें मन मोडण्याची ताकद त्याच्यांत नसते. अशा वेळीं मिळविलेला होकार हा खरा होकार नव्हे. दुसऱ्या बाजूला, त्या परिचारिकेचा विश्वास हीच तिला घरापासून इतक्या दूर आणणारी आणि तेथें टिकवून धरणारी शक्ति असते. तो बंदरावर सोडून ये, असें तिला कोणीं सांगावें?

ह्या गुंत्याचा कांहींसा उलगडा बायबलमधील एका प्रसिद्ध दृष्टान्तांतच सांपडतो. चोरांनीं लुटून अर्धमेला टाकलेला वाटसरू एका शोमरोनी माणसाला रस्त्यांत दिसतो. दोघांच्या जमाती परस्परांना तुच्छ लेखणाऱ्या. तरीहि तो त्याच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेंत नेतो, आणि दुसऱ्या दिवशीं उतारशाळेच्या मालकाला दोन नाणीं देऊन त्याच्या हवालीं करतो. तूं कोणत्या देवाला भजतोस, असा प्रश्न त्या कथेंत कोठेंहि नाहीं. मिशनरी परिचारिकेची धर्मश्रद्धा तिच्या हातांतून दिसली तर त्याला कोणाचाहि आक्षेप राहूं नये. ती रोग्याच्या गरजेवर वजन म्हणून ठेवली गेली तर मात्र गांधीजींचा आक्षेप अचूक लागू पडतो. ही सीमारेषा ओळखण्याचें शिक्षण कोणत्याहि रुग्णालयांत मिळत नाहीं. तें तिला निघण्यापूर्वीं स्वतःच्या मनाशीं बसून घ्यावें लागतें.

मिशनांनाहि ह्याची जाणीव झाली नव्हती असें नाहीं. १९१० मध्यें एडिंबरो येथें जी जागतिक मिशनरी परिषद भरली, तिच्या आठ समित्यांपैकीं एक संपूर्ण समिति केवळ मिशनऱ्यांच्या पूर्वतयारीवर विचार करीत होती. भाषा, ज्या देशांत जावयाचें तेथील धर्म आणि चालीरीति यांचा पद्धतशीर अभ्यास व्हावा, असा तिचा आग्रह होता. त्याच परिषदेंत भारतांतून गेलेले व्ही. एस्. अझरय्या यांनीं पाश्चात्य मिशनऱ्यांना सुनावलें कीं, तुम्ही आम्हांला द्रव्य दिलें, देह झिजवून सेवाहि दिली, पण आम्हांला हवी आहे ती बरोबरीच्या नात्याची मैत्री. परिचारिकेच्या बाबतींत हें बोलणें विशेष खरें आहे. वरून दिलेली सेवा घेणाऱ्याला लहान करते. शेजारीं बसून दिलेली सेवा दोघांनाहि मोठें करते.

शेजारीं बसण्याचें उत्तम उदाहरण कोरियांत सांपडतें. जर्मनींत जन्मलेल्या आणि न्यू यॉर्क येथें परिचर्या शिकलेल्या एलिझाबेथ शेपिंग १९१२ सालीं कोरियांत गेल्या. त्यांनीं कोरियन भाषा आत्मसात केली, कोरियन पोषाख अंगीकारला, सो सो-प्योंग हें कोरियन नांव घेतलें, आणि १९२३ सालीं तेथील परिचारिकांचा संघ स्थापिला. १९३४ मध्यें त्या ग्वांगजू येथें वारल्या, तोंवर बावीस वर्षें त्यांनीं त्याच लोकांत काढलीं. रिचर्ड्‌सबाईंची तयारी बहुतांशीं निघण्यापूर्वींची. शेपिंगबाईंची पोंचल्यानंतर आयुष्यभर चाललेली. दोन्ही प्रकार खरे आहेत, आणि एकानें दुसऱ्याची उणीव भरून निघत नाहीं.

आणखी एक तयारी आहे, तिची गणना उत्साही माणसें क्वचितच करतात, ती शरीराची. नॉर्वेंत जन्मलेल्या आना जेकबसन ह्या परिचारिका १८९५ सालीं सेऊलला गेल्या आणि १८९७ च्या आरंभींच तेथें मरण पावल्या. रिचर्ड्‌सबाईंचीहि प्रकृति जपानांत ढासळली आणि १८९० सालीं त्यांना परतावें लागलें. ह्या दिशेच्या उलट गेलेल्या एका मराठी स्त्रीची आठवण येथें साहजिकच होते. रिचर्ड्‌सबाई जपानांत पोंचल्या त्याच १८८६ सालच्या मार्चमध्यें आनंदीबाई जोशी फिलाडेल्फिया येथें डॉक्टरची पदवी घेत होत्या. त्या मिशनच्या नव्हत्या आणि आपला धर्म त्यांनीं सोडला नाहीं. परंतु परक्या देशांतील थंडी, अन्न आणि अविश्रांत श्रम यांनीं त्यांचाहि देह पोखरला. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्या गेल्या तेव्हां त्यांना बावीस वर्षें पुरीं होत होतीं. ज्यांच्या ज्ञानावर आणि धैर्यावर शंका घेतां येत नाहीं अशीं हीं माणसें. ज्ञान आणि धैर्य यांना वाहून नेणारें शरीर मात्र थकलें. लंडनच्या लिव्हिंग्स्टन कॉलेजांत १८९३ पासून मिशनऱ्यांना आरोग्य व वैद्यक यांचे मूळ धडे देऊं लागले, लिव्हरपूल येथें १८९८ व लंडन येथें १८९९ मध्यें उष्ण कटिबंधांतील रोगांच्या शाळा निघाल्या, ह्या घटनांमागें अशाच अनेक मृत्यूंचा इतिहास आहे. पाणी उकळून पिणें, मच्छरदाणी लावणें, ठराविक वेळीं विश्रांति घेणें ह्या गोष्टी भित्रेपणाच्या नव्हेत. दुसऱ्यांना जगविण्यासाठीं गेलेलीनें स्वतः जगणें हें तिच्या कर्तव्यांतच येतें.

आज ही वाट पुष्कळ बदलली आहे. परदेशांत शुश्रूषा करावयाची तर त्या देशाच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी, तेथील भाषेची परीक्षा, लसी, परवाने हीं सारीं पुरीं करावीं लागतात. धर्मसेवेसाठीं जाणारीलाहि त्यांतून सूट नाहीं. ज्या देशांत पूर्वीं पाश्चात्य परिचारिका येत, त्यांच्यापैकीं अनेक देश आतां स्वतःच परिचारिका घडवितात. आपल्या देशांत शिकलेल्या मुली जगभर रुग्णालयें चालवितात, आणि त्यांत केरळांतील ख्रिस्ती कुटुंबांच्या मुलींचा वाटा मोठा आहे. ज्या मराठी घरांतून आज एखादी मुलगी असें जाऊं म्हणेल, त्या घरच्यांनीं तिच्या त्यागाची स्तुति किंवा निंदा करण्यापूर्वीं तिला कांहीं साधे प्रश्न विचारावेत. हाताला काम पुरतें येतें का? पाहिलेलें नीट लिहून ठेवण्याची संवय आहे का? तेथील माणसांची भाषा शिकण्याइतका धीर आहे का? त्यांच्या दुबळेपणाचा फायदा न घेण्याइतका संयम आहे का? आणि शरीराची काळजी घेण्याइतकी विनम्रता आहे का? उत्तरें नाहीं अशीं आलीं तर निराश होण्याचें कारण नाहीं. थोडें थांबावें आणि शिकावें. रिचर्ड्‌सबाई तर फार थांबल्या होत्या.

प्रारंभीं मांडलेला हिशेब आतां पुरा करतां येईल. १८९० मध्यें रिचर्ड्‌सबाई आजारी होऊन परतल्या तेव्हां क्योटोंत त्यांच्या हातांखालीं शिकलेल्या जपानी परिचारिका रोग्यांपाशीं उभ्या होत्या. बरें वाटल्यावर त्यांनीं अमेरिकेंत पुन्हां काम धरलें, १८९४ मध्यें परिचारिका-शाळांच्या प्रमुखांच्या संघाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या, मानसिक रोग्यांच्या रुग्णालयांतून त्यांनीं शिक्षण सुधारलें, आणि १६ एप्रिल १९३० रोजीं वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षीं त्या निवर्तल्या. वडिलांनीं ज्या अ‍ॅन जडसनचें नांव दिलें तिच्यासारखें परदेशांतच देह ठेवणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. परंतु दृष्टान्तांतील शोमरोन्यानेंहि रोग्यापाशीं जन्मभर तळ दिला नव्हता. त्यानें जखम नीट बांधली, उतारशाळेच्या मालकाला रोगी सोंपविला, खर्चाची तजवीज केली आणि मग तो आपल्या वाटेनें गेला. उतारशाळेचा मालक तयार करून ठेवणें हेंच रिचर्ड्‌सबाईंचें जपानांतील कार्य होतें, आणि तें पांच वर्षांच्या आंत पुरें झालें, कारण त्याची तयारी तेरा वर्षें चालली होती.